साथीतला समाचार : सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या निमित्ताने

आजारी किंवा थकलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करण्याला मराठीत ‘समाचाराला जाणे’ म्हणतात. या शब्दप्रयोगात नुसती भेट नसते. पथ्याचे काही करून नेणे, रात्री उशाशी बसणे, औषधपाण्याची चौकशी करणे आणि दुखणेकऱ्याचे बोलणे ऐकून घेणे ही सारी कामे त्यात गृहीत धरलेली असतात. रुग्णसेवेसाठी मराठीत रूढ असलेला ‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या समाजात समाचार आणि शुश्रूषा ही एकाच नात्याची दोन अंगे मानली जातात, तेथे संसर्गजन्य रोगाची साथ आली की एक पेच उभा राहतो: जो माणूस सेवा करतो तोच रोग वाहून नेण्याचीही शक्यता असते. गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातील राज्ययंत्रणेने या पेचाचे उत्तर कसे शोधले, ते कितपत टिकले आणि त्यात म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला काय आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

त्यासाठी सोलापूरचा अक्कलकोट रोड हे ठिकाण निवडण्यामागे कारण आहे. शहरातून आग्नेयेकडे अक्कलकोटला जाणाऱ्या या रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, म्हणजे बोलीत ‘एमआयडीसी’, ही मुख्यतः यंत्रमागांची वसाहत आहे. चादर आणि टेरी टॉवेल ही सोलापूरची भौगोलिक मानांकन मिळालेली उत्पादने येथील मागांवर विणली जातात. नीलम नगर, सुनील नगर यांसारख्या आसपासच्या वस्त्यांत आणि त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या कुंभारीच्या घरकुलांत यंत्रमाग कामगार व विडी वळणाऱ्या स्त्रिया राहतात. यांतील बरीच कुटुंबे तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या पद्मशाली विणकरांची आहेत. या वस्त्यांत म्हातारपण वेगळ्या इमारतीत जात नाही. ते घरातच, कामाच्या गर्दीत, तेंदूपानाच्या सुपाशेजारी जाते. म्हणून ‘वृद्धाश्रमातील नातेवाइकांची भेट’ हा प्रश्न जगभर ज्या रूपात चर्चिला गेला, त्याहून वेगळ्या रूपात तो येथे उभा राहतो, आणि ते वेगळेपण समजून घ्यायचे तर प्लेगच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

देवीचे घर आणि गावाची वेस

सरकारी नियम येण्यापूर्वी समाजाला विलगता माहीत नव्हती, असे मानणे चुकीचे ठरेल. घरात कोणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला जाई आणि तो पाहून परक्याने उंबरठ्याबाहेरूनच परत फिरावे, असा संकेत होता. घरात फोडणी टाकायची नाही, बाहेरून आलेल्या माणसाने थेट आजाऱ्याजवळ जायचे नाही, अशी बंधने पाळली जात. त्यांची भाषा देवीच्या कोपाची असली तरी परिणाम येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ कमी होण्यातच होई. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची चाल होती. तिच्यामागेही रोग हा गावाबाहेरचा असून त्याला गावाबाहेर पोचवायचे आहे, हीच कल्पना होती.

या दोन्ही चालींत एक समान सूत्र दिसते. देवीच्या घरात शिरण्यास मज्जाव असे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि पाहुण्यांना. आई, आजी किंवा घरातील जी बाई रुग्णाजवळ बसली असेल ती बसूनच राही. आजाऱ्याला समाजापासून वेगळे काढताना त्याच्या माणसापासून वेगळे काढायचे नाही, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता; तो मोडला गेला तेव्हाच तो होता हे सर्वांच्या लक्षात आले.

१८९६ ते १८९८ : नातेवाईक ‘संसर्गित’ ठरतो

रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली आणि पुढच्या दशकात येथे पहिली कापडगिरणी, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेलेली गिरणी, उभी राहिली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७५,२८८ भरली होती. ज्या रेल्वेने कापूस, सूत आणि कामगार आणले त्याच रेल्वेने रोगही आणला. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि नंतरच्या काळात ही साथ इलाख्यातील गावागावांत पसरली. सोलापूरही तिच्यातून सुटले नाही. या रोगाला मराठी वृत्तपत्रांनी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले, तर सामान्य लोकांनी ‘गाठीचा ताप’.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर दोनदा हल्ला केला. महिना संपता संपता हुकूम सौम्य करावा लागला आणि ज्याच्या घरी वेगळी सोय आहे त्याला हलविले जाणार नाही, असे सांगावे लागले. यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटेल ते नियम करण्याचा अधिकार दिला. घरझडती, रुग्णाला नेणे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवणे, प्रवाशांची तपासणी करणे हे सर्व त्या एका अधिकारातून निघाले.

या व्यवस्थेने नातेवाइकाला एक नवी ओळख दिली. आतापर्यंत तो शुश्रूषा करणारा होता. आता तो ‘संसर्गित’ ठरला. रुग्णाच्या सहवासात आल्याने ज्याला रोग जडला असण्याचा संशय आहे असा माणूस, असा त्या शब्दाचा अर्थ. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीच्या काळात गोऱ्या सैनिकांनी घरोघर शोध घेतले, रुग्णाला रुग्णालयात नेले आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडले. एका घराचे असे दोन भाग झाले आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची खबर राहिली नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी केलेल्या रँडच्या वधाकडे राजकीय इतिहासात क्रांतिकार्य म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे; पण त्यामागच्या लोकक्षोभात ‘आपल्या माणसाला कुठे नेले, त्याच्याशी कोण बोलते, त्याला पाणी कोण देते’ या अगदी घरगुती प्रश्नांचा वाटा मोठा होता. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या व्यवस्थेवर वृत्तपत्रातून केलेली टीका ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचली, यावरूनही ज्या रुग्णालयात घरचे माणूस डोळ्यांसमोर नाही त्याविषयी अविश्वास किती होता, हे कळते.

विणकरांच्या इतिहासात या काळातील आणखी एक प्रसंग नोंदण्यासारखा आहे. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोड परिसरात, जुलाहा विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला तपासून नेण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली. गिरणी कामगार असोत वा हातमागावरचे विणकर, हातावर पोट असलेल्या वर्गात हा विरोध अधिक तीव्र होता. त्यामागे अज्ञान होते, हे सरकारी अहवालांचे मत एकांगी आहे. ज्या घरात वेगळी खोली नाही त्या घराला ‘घरी वेगळी सोय असेल तर’ ही सवलत मिळूच शकत नव्हती, हे त्याचे साधे कारण होते.

तडजोड : उशाशी एक माणूस

या विरोधानंतर सरकारला मागे यावे लागले. जातवार व धर्मवार खासगी रुग्णालयांना परवानगी देण्यात आली. पुण्यात लोकमान्य टिळक आणि इतरांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय सुरू झाले. तेथील उपचार सरकारी रुग्णालयापेक्षा वेगळे नव्हते. वेगळेपण होते ते इतकेच की रुग्णाच्या उशाशी त्याचे माणूस बसू शकत होते आणि ओळखीच्या हातचे अन्न त्याला मिळत होते. सक्तीच्या जागी समजावणी, गोऱ्या शिपायांच्या जागी स्थानिक स्वयंसेवक आणि बंद दाराच्या जागी एक सोबती, असा बदल १८९८ नंतर हळूहळू रूढ झाला.

वैद्यकशास्त्राने या तडजोडीला मागाहून पाठिंबा दिला, ही गोष्ट विशेष आहे. प्लेग रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्यांना लागण क्वचितच होते, असे त्या काळीच दिसून येत होते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत काम करताना उंदरावरील पिसू हाच रोगाचा वाहक असल्याचे मांडले आणि १९०५ नंतर मुंबईत परळ येथे प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सरळ होत नाही. फुप्फुसाचा प्लेग तेवढा खोकल्यातून पसरतो. म्हणजे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत नातेवाइकाला दूर केल्याने रोग थांबणार नव्हता. थांबली ती फक्त सेवा. याउलट ‘उंदीर पडले की घर सोडायचे’ हा लोकांनी अनुभवातून काढलेला नियम शास्त्राच्या अधिक जवळचा निघाला. उंदीर मरून पडू लागले की गावाबाहेर माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायला जाणे, ही प्लेगच्या काळातील चाल महाराष्ट्रभर पसरली. तिच्यात कुटुंब तुटत नसे. म्हातारी माणसे, लेकरे आणि भांडीकुंडी यांसह सगळे घरच बाहेर पडे.

मात्र या तडजोडीची एक उणीव सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. ज्याला माणूस आहे त्याच्याच उशाशी माणूस बसू शकते. जातवार रुग्णालयांच्या व्यवस्थेत अस्पृश्य मानलेल्यांना आणि अनाथांना जागा कुठे होती, याचे उत्तर सावित्रीबाई फुले यांच्या अखेरच्या दिवसांत सापडते. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी तेथे आणले आणि स्वतःला लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. समाचाराला कोणी येणार नाही अशा रुग्णाचा समाचार घेणे, हे काम नात्याच्या परिघाबाहेर गेलेल्या माणसांनीच केले.

प्लेगनंतर १९१८ मध्ये मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झा, आला. त्याच्या वेगापुढे विलगीकरणाची कोणतीच योजना टिकली नाही आणि घरोघर सेवा करणारे व सेवा घेणारे एकाच वेळी अंथरुणाला खिळले. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र गोष्ट दीर्घकाळ चालली. पाचगणी, मिरज यांसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत, म्हणजे मोकळ्या हवेवर क्षयरोग्यांना महिनोन्‌महिने ठेवणाऱ्या संस्थांत, रुग्ण घरापासून तुटत. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र पालटले. गरीब वस्तीतील दाटीच्या घरात राहून औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्यामुळे घरच्यांना होणाऱ्या संसर्गाचे प्रमाणही वाढत नाही, असे त्यात दिसून आले. उपचार सुरू झाले की रुग्णाला कुटुंबातून काढण्याची गरज उरत नाही, हा निष्कर्ष जगभरच्या क्षयरोग कार्यक्रमांनी स्वीकारला.

या साऱ्या अनुभवातून भारतीय सार्वजनिक रुग्णालयाची एक घडी बसली. खाटेजवळ एक नातेवाईक, दुपारी-संध्याकाळी घरून येणारा डबा, फाटकावर पास तपासणारा रखवालदार आणि रात्री व्हरांड्यात सतरंजी पसरून झोपलेली माणसे, हे दृश्य सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा राज्यातील कोणत्याही सरकारी रुग्णालयात अनोळखी नाही. परिचारिकांची संख्या अपुरी असल्याने पाणी देणे, कूस बदलणे, तपासणीसाठी चाकाची खुर्ची ढकलणे ही कामे नातेवाइकांकडेच येतात. इंग्लंडमधील जुन्या तापाच्या रुग्णालयांत रुग्णाला क्रमांक देऊन त्याच्या प्रकृतीची खबर वर्तमानपत्रात क्रमांकाखाली छापली जाई आणि आईबाप खिडकीच्या काचेतून मुलाला पाहत. तेथे नातेवाईक हा पाहुणा होता. येथे तो कर्मचाऱ्यांच्या नोंदीत नसलेला कर्मचारी आहे. हा फरक २०२० मध्ये निर्णायक ठरला.

वृद्धाश्रम : उशिरा आलेली संस्था

म्हाताऱ्यांसाठी वेगळी वास्तू ही कल्पना महाराष्ट्रात दोन वाटांनी आली. एक वाट दानधर्माची. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार व पंगू लोकांसाठी आश्रयस्थान उभे राहिले आणि आज ते ‘निवारा’ या नावाने वृद्धाश्रम म्हणून ओळखले जाते. दुसरी वाट रोगाची. १८९० मध्ये मुंबईचे महापालिका आयुक्त एच. ए. अॅक्वर्थ यांनी माटुंग्याजवळ बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. मराठी पोवाड्यांच्या संग्रहामुळे हेच अॅक्वर्थ मराठी वाचकांना परिचित आहेत. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने निर्धन कुष्ठरोग्याला अशा ठिकाणी पाठविण्याचा अधिकार सरकारला दिला आणि हा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यावर रोग बरा होऊ लागला, पण घरचे दार पुन्हा उघडले नाही. बरे झालेले रुग्ण तेथेच म्हातारे झाले. संसर्गाच्या नावाने सुरू झालेली ताटातूट संसर्ग संपल्यावरही कशी चालू राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

राज्य शासनाने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ मध्ये आणि ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना १९९५ मध्ये आणली. केंद्राने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे त्याच्या १९ व्या कलमात म्हटले आहे. तरीही यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या जगात वृद्धाश्रम ही दूरचीच गोष्ट राहिली. येथे म्हातारी माणसे निवृत्त होत नाहीत. कामाचे स्वरूप फक्त हलके होते. मागावरून उठलेला म्हातारा कांड्या भरतो, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळतो. म्हातारी विड्या वळते, नातवंडे सांभाळते. कुंभारी येथे २००६ मध्ये महिला विडी कामगारांना मिळालेली गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरे आणि त्याच परिसरातील रे नगरची १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झालेली १५,००० घरे, ही नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीच्या प्रदीर्घ लढ्याची फळे आहेत. वृद्धाश्रमाची चर्चा ज्यांच्या वाट्याला येत नाही अशा हजारो म्हाताऱ्यांचे म्हातारपण या घरांत जायचे आहे.

२०२० : जुना कायदा, नवे दार

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविड-१९ साठी नियम केले ते १८९७ च्या त्याच साथरोग कायद्याखाली. मुंबईतील सुरुवातीचे रुग्ण दाखल झाले ते कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी ज्यावर चाल केली होती त्याच आर्थर रोडच्या रुग्णालयात. सोलापूर शहरातील पहिला रुग्ण १२ एप्रिल रोजी तेलंगी पाच्छा पेठेत आढळला, ती पेठ बंद करण्यात आली आणि १६ जुलैच्या मध्यरात्रीपासून २६ जुलैपर्यंत शहर व लगतच्या गावांत पुन्हा कडक टाळेबंदी लावली गेली. बांबू आणि पत्रे लावून गल्ल्या अडविल्या गेल्या. ‘प्रतिबंधित क्षेत्र’ हा सरकारी शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

यावेळी शास्त्र नातेवाइकाच्या बाजूने नव्हते. हा विषाणू श्वासातून पसरत होता, लक्षणे नसलेला माणूसही तो पसरवू शकत होता आणि वय जितके अधिक तितका मृत्यूचा धोका मोठा होता. पिसूच्या प्लेगमध्ये अकारण ठरलेली ताटातूट येथे सकारण होती, हे मान्य करूनच पुढचे विवेचन करावे लागते. केंद्राच्या आदेशांनी ६५ वर्षांवरील व्यक्तींना घरात थांबण्यास सांगितले. ज्येष्ठांसाठी काढलेल्या सूचनांत पाहुण्यांना भेटणे टाळावे आणि भेट अटळच असेल तर एक मीटर अंतर ठेवावे, असे म्हटले होते. या सूचनेत एक घर गृहीत धरलेले होते, ज्यात म्हाताऱ्यांची खोली निराळी असते आणि बाकीचे लोक ‘भेटायला’ येतात. एमआयडीसीच्या आसपासच्या एकदोन खोल्यांच्या घरात मुलगा मागावरून येऊन ज्या खोलीत जेवतो त्याच खोलीत त्याचा बाप खोकत पडलेला असतो. तेथे एक मीटर अंतर म्हणजे कोणी तरी उंबऱ्याबाहेर झोपणे. प्लेगच्या काळातील ‘घरी वेगळी सोय असेल तर’ ही अट अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी त्याच वर्गासमोर पुन्हा उभी राहिली.

लागण झाली की घरातील माणसे दोन ठिकाणी विभागली गेली: रुग्ण कोविड रुग्णालयात आणि सहवासात आलेले संस्थात्मक विलगीकरणात, म्हणजे शासनाने ताब्यात घेतलेल्या वसतिगृहांसारख्या इमारतींत. १८९७ चे रुग्णालय आणि छावणी यांचीच ही नवी जोडी होती. फरक एवढा की आता हातात मोबाइल होता आणि राज्यातील अनेक कोविड रुग्णालयांनी चित्रसंवादाची सोय केली होती. परंतु चित्रसंवादाने रुग्ण दिसतो. त्याच्या तोंडाला पाणी लागत नाही. नातेवाईक बाहेर राहिल्यावर त्याने आजवर उचललेले काम कोणी करायचे, हा प्रश्न उरलाच आणि ते ओझे आधीच थकलेल्या परिचारिका व कक्षसेवकांवर पडले. तेलंगणात आईवडील असलेल्या विणकर कुटुंबांना तर राज्याची सीमाच आडवी आली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीपर्यंत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी ई-पास, म्हणजे पोलिसांकडून ऑनलाइन मिळणारा परवाना, लागत होता. वैद्यकीय निकड आणि जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ही कारणे त्यासाठी मान्य होती. म्हाताऱ्या आईला नुसते पाहून येणे हे कारण त्यात बसत नव्हते. समाचार हा शब्द प्रशासनाच्या शब्दकोशात नसल्याचे याहून ठळक प्रमाण नाही.

वृद्धाश्रमांनी आपली फाटके बाहेरच्यांसाठी बंद केली आणि पहिल्या लाटेत ते शहाणपणाचे होते. तरीही बंद फाटक पुरेसे नसते, हे पुढे दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातील सोरगाव येथील वृद्धाश्रमात ६७ जण बाधित आढळले आणि त्यांत कर्मचारीही होते. नातेवाइकांना थोपविता येते, पण रोज ये-जा करणाऱ्या सेवकवर्गाला थोपविता येत नाही, कारण त्याच्यावाचून संस्था चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२० रोजी ज्येष्ठांचे निवृत्तिवेतन वेळेवर देण्याबरोबर वृद्धाश्रमांतील सेवकांना संरक्षक साधने पुरविण्याचे निर्देश दिले, ते याच वस्तुस्थितीला धरून होते.

इतर देशांत हा वाद वृद्धाश्रमाच्या दाराशीच लढला गेला. नेदरलँड्सने २० मार्च २०२० पासून शुश्रूषागृहांत भेटी बंद केल्या, परंतु ११ मेपासून २६ गृहांत प्रत्येक रहिवाशाला एक ठरलेला भेटकर्ता येऊ देण्याचा प्रयोग केला. अंतर, मुखपट्टी आणि देखरेख यांच्या अटींवर झालेल्या त्या भेटींतून नवी लागण झाल्याचे आढळले नाही आणि रहिवाशांची मनःस्थिती सुधारल्याचे कर्मचाऱ्यांनी नोंदविले. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने काळजीगृहांत आणि रुग्णालयांत माणसाला भेट मिळण्याची सोय करणे हे संस्थेचे कर्तव्य ठरविले. या दोन्ही ठिकाणी मोठ्या खटाटोपाने जे गवसले ते, म्हणजे एका माणसामागे एक ओळखीचा माणूस, १८९८ नंतरच्या प्लेग रुग्णालयांत आपल्याकडे तडजोड म्हणून स्वीकारले गेले होते.

दोन कायद्यांमधली मोकळी जागा

१८९६ ते २०२१ या काळाकडे एकत्र पाहिले असता एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. साथ येताच नातेवाईक संशयित ठरतो आणि दार बंद होते. काही काळाने सेवेचा गाडा त्याच्यावाचून चालत नाही हे ध्यानात येते आणि दार थोडे किलकिले होते. हे किलकिले होणे दर वेळी दंगलीतून, रदबदलीतून किंवा एखाद्या परिचारिकेच्या दयेतून घडले. ते नियम म्हणून आधी लिहून ठेवलेले कधीच नव्हते. रोगारोगांत फरक असतो आणि प्रत्येक साथीत दार उघडे ठेवावे, असा धडा इतिहास देत नाही. श्वासातून पसरणाऱ्या रोगात तसे करणे घातक ठरू शकते. पण कोणत्या रोगात, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या काळजीसह एक माणूस आत जाऊ शकतो, हे साथ येण्यापूर्वी ठरविता येते.

१८९७ च्या कायद्याच्या चार कलमांत माणसांना वेगळे करण्याचा अधिकार आहे, त्यांना भेटू देण्याचे कर्तव्य नाही. २००७ च्या कायद्यात मुलांनी आईवडिलांचा चरितार्थ चालवावा असे बंधन आहे, पण चरितार्थात भेट धरलेली नाही. अक्कलकोट रोडवरच्या घरकुलांत आज राहायला आलेली कुटुंबे आणखी वीस-पंचवीस वर्षांत म्हातारी होतील. त्यांची मुले पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला कामाला गेली तर या रस्त्यावरही कदाचित वृद्धाश्रम उभे राहतील. तेव्हा एखादी साथ आलीच, तर फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला आत सोडायचे की नाही, हे या दोन कायद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, रखवालीवरच्या माणसाला ठरवावे लागेल.